ङचं काय करायचं?

मागच्या दिवाळीत ताईचा जर्मनीहून फोन आला. म्हणाली, "पोरीसाठी मुळाक्षरांची कविता लिहून दे ना. 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' करून कंटाळली ती. खटारा कधी बघितलाय तिनं?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कवितेशी शेवटचा संबंध दहावीच्या रसग्रहणापुरता. पण भाची सात वर्षांची, एकुलती एक आणि लाडकी, त्यामुळे हो म्हटलं. क, ख, ग, घ दोन संध्याकाळींत झाले. मग ङ आला आणि मी अडकलो. लहानपणीच्या अंकलिपीत ङच्या चौकोनात चित्रच नव्हतं, हे तेव्हा आठवलं. ञच्याही नव्हतं. बाई पट्टी फिरवत भराभर पुढे जायच्या आणि आम्हीही जायचो.

व्हिडिओ कॉलवर भाचीला अडचण सांगितली. तिनं लगेच उत्तर काढलं. "मामा, ङनं काहीच सुरू होत नाही ना? मग काढून टाक." थोड्या वेळानं म्हणाली, "ळ पण काढ. त्यानं पण काही सुरू होत नाही."

तिच्या आडनावात ळ आहे. शाळेत सगळे तिथे ल म्हणतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांच्या भाषेत तो ध्वनीच नाही. पण गेल्या काही महिन्यांपासून भाची स्वतःची ओळख करून देतानाही ल म्हणायला लागली होती. हे ताईनं मला नंतर, वेगळा फोन करून सांगितलं. कविता मागण्याचं खरं कारण खटारा नव्हता.

मी भाचीला "बरं, काढू" म्हणून बसलो होतो. आता ते मागे घ्यायचं तर कारण हवं. ज्या अक्षरानं शब्द सुरू होत नाही, त्याचं आपल्या आधीच्या लोकांनी काय केलं, हे शोधायला लागलो. सापडलं ते अपेक्षेपेक्षा बरंच जुनं आणि बरंच दूरवरचं निघालं.

आधी ङ मुळात आहे कशाला, हे बघू. आपली वर्णमाला ही नुसती यादी नाही, तो तक्ता आहे. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ अशा पाच ओळी, म्हणजे घशापासून बाहेरच्या बाजूला येत जायचं. प्रत्येक ओळीत पाच घरं: आधी क-ख, मग त्यांचीच घोष भावंडं ग-घ, आणि शेवटी त्याच जागी नाकातून येणारा ध्वनी. आमच्या भाषेत हा पाच गुणिले पाचचा मॅट्रिक्स. ङचं घर भरलेलं आहे ते शब्द सुरू करायला लागतं म्हणून नव्हे, तर त्या जागेहून तो ध्वनी निघतो म्हणून. आणि तो निघतोच. गंगा, शंख, अंक, संघ हे शब्द सावकाश म्हणून बघा. त्या टिंबाच्या जागी जीभ जिथे मागे टेकते, तो ङ. चंचलमधला ञ तसाच. ही अक्षरं आपण रोज बोलतो, फक्त लिहिताना टिंबाखाली झाकून ठेवतो.

हा तक्ता पोरांच्या गळी उतरवण्याची पद्धतही जुनी आहे. सातव्या शतकात भारतात येऊन राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहून गेलाय, की इथली मुलं सहाव्या वर्षी 'सिद्धम्' नावाच्या पाठानं सुरुवात करतात, त्यात 49 अक्षरं आणि त्यांच्या जोडण्या असतात आणि सहा महिन्यांत तो संपतो. मराठीतलं 'ओनामासीधं' याच घराण्यातलं. 'ॐ नमः सिद्धम्' हे पंतोजींच्या शाळेत, धुळपाटीवर बोट फिरवताना पोरांच्या तोंडात झिजून झिजून तसं झालं. कशाचीही सुरुवात म्हणजे 'ओनामा', हा शब्द आपण अजून वापरतो.

तक्ता इतका चोख असेल, तर त्यावर कविता करायची गरज कुणाला पडली? हा प्रश्न घेऊन मी आधी तिकडे गेलो, जिथे तक्ता नव्हताच.

हिब्रूत 22 अक्षरं. त्यांच्या क्रमाला उच्चाराचं काही कारण नाही. अ नंतर ब का, तर पूर्वीपासून तसंच म्हणतात म्हणून. या कुळातला क्रम आजच्या सीरियातल्या उगारितच्या मातीच्या पाट्यांवर इसवी सनपूर्व तेराव्या शतकाच्या आसपासही मिळतो, म्हणजे 'पूर्वीपासून'ला चांगलं वजन आहे. असा क्रम फक्त पाठ करता येतो आणि पाठ करायला कवितेसारखं साधन नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 119वं स्तोत्र 176 ओळींचं आहे: 22 अक्षरं, प्रत्येकाच्या आठ-आठ ओळी. पण मला जास्त अडवलं ते 'विलापगीता'नं. जेरुसलेम पडलं, देऊळ जळलं, माणसं उपाशी मेली, त्याचा हा शोक. पाच अध्याय. पहिला, दुसरा आणि चौथा अध्याय 22 कडव्यांचा, अक्षरांच्या क्रमानं. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी, एकूण 66. पाचव्यातही ओळी 22च, पण तिथे अक्षरांचा क्रम सुटलेला आहे.

नवशिक्याला अक्षरओळख व्हावी म्हणून कुणी इतकं दुःख लिहीत नाही. शोकाला कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवायला त्या कवीनं बहुधा लहानपणी पाठ केलेल्या क्रमाचा हात धरला.

या चौकटीचा आणखी एक उपयोग मला माझ्या धंद्यामुळे चटकन दिसला. आम्ही माहिती इकडून तिकडे पाठवताना तिच्यासोबत एक तपासणीचा आकडा जोडतो. वाटेत काही गळलं तर तो आकडा जुळत नाही आणि चोरी पकडली जाते. अक्षरकविता तेच काम करते. 145वं स्तोत्र अक्षरक्रमानं आहे. ज्यू प्रार्थनेत ते रोज तीनदा म्हटलं जातं, त्यामुळे कोकणातून आलेल्या आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांनाही ते ओळखीचं. पण त्याच्या परंपरागत हिब्रू प्रतीत ओळी 21च आहेत. 'नून' म्हणजे न या अक्षराची ओळ नाही. साध्या कवितेतली एक ओळ हरवली तर कुणाला कळलंही नसतं, इथे दोन हजार वर्षं ती रिकामी जागा सगळ्यांना दिसत राहिली. 1956 मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत जी गुंडाळी सापडली, तिच्यात नूनची ओळ आहे. ती मूळची की नंतर कुणी भरलेली, यावर विद्वानांचे वाद आहेत. पण वाद घालायला जागा राहिली ती अक्षरक्रमामुळे.

विलापगीतातच दुसरी एक गंमत आहे. हिब्रूच्या आजच्या क्रमात 'अयिन' आधी येतं आणि 'पे' नंतर. विलापगीताच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात मात्र पे आधी आहे. वाचणाऱ्याला वाटेल, नकलून घेणाऱ्याची चूक. पण 1976 मध्ये इस्रायलमध्ये इझ्बेत सर्ता इथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं एक खापर मिळालं. त्यावर कुणीतरी अक्षरं गिरवली आहेत, बहुधा शिकाऊ हातानं. तिथेही पे आधी. म्हणजे एके काळी असाही क्रम शिकवला जायचा. तो क्रम नंतर शाळेतून गेला, पण कवितेत राहिला.

'कवितेत राहिला' हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण पुढे जपानमध्ये तेच परत भेटलं. आपला सिद्धम् पाठ बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि संस्कृतच्या तक्त्यावरून जपानी ध्वनींचाही तक्ता बसवला गेला. तरी कित्येक शतकं जपानी माणसाचा रोजचा क्रम तक्त्याचा नव्हता, तो 'इरोहा' या कवितेचा होता. तिच्यात 47 अक्षरं आहेत, प्रत्येक नेमकं एकदा, आणि अर्थ लागतो तो सगळं नश्वर असल्याचा. तिची सगळ्यात जुनी नोंद 1079 सालची. शब्दकोशसुद्धा तिच्या क्रमानं लावत असत. 1946 मध्ये जपान सरकारनं लेखन सुधारलं, तेव्हा वि आणि वे ही दोन जुनी अक्षरं व्यवहारातून काढली, कारण त्यांचे उच्चार केव्हाच इ आणि ए मध्ये विरून गेले होते. इरोहातून ती काढता येत नाहीत. काढली तर कविता मोडते.

आता भारतात परत येऊ. इथल्या कवींपुढे दुहेरी पेच होता. हिब्रूतल्या प्रत्येक अक्षरानं निदान शब्द तरी सुरू होतो. आपल्या तक्त्यात ङ, ञ, ण अशी घरं आहेत, जिथे शब्दच मिळत नाहीत.

तमिळमधली अव्वैयारची 'आत्तिचूडी' साधारण बाराव्या शतकाची मानतात. तमिळ मुलं ती अजून पाठ करतात. दोन-तीन शब्दांची एकेक शिकवण, अशा 109, अक्षरांच्या क्रमानं. ङपाशी आल्यावर अव्वैयारनं काय करावं? तिनं ङलाच उपमा केलं. त्या अक्षरासारखा वाक, कवेत घे, अशा अर्थाचा तिथे उपदेश आहे. त्याची परंपरेनं केलेली फोड मला फार आवडली. तमिळमध्ये ङ प्रत्यक्ष वापरात येतो, तो थोड्याच ठिकाणी. त्याची बाराखडी, म्हणजे ङा, ङि, ङी वगैरे, कुठेच लागत नाही. तरी ती शिकवली जाते, ती एकट्या ङच्या जिवावर. माणसानंही तसंच आपल्या निरुपयोगी गणगोतालाही सोबत घेऊन चालावं. जे अक्षर मी गाळायला निघालो होतो, त्यावर अव्वैयारनं घर कसं चालवावं ते सांगून टाकलं होतं.

पंजाबात गुरू नानकांची 'पट्टी' आहे. पट्टी म्हणजे पाटी. लहानपणी गुरुजींसमोर पाटीवर लिहिली, अशी परंपरा सांगते. गुरुमुखीची 35 अक्षरं, 35 कडवी. गुरू ग्रंथ साहिबमध्ये ती आसा रागात आहे, ज्या ग्रंथात आपल्या नामदेवांचीही 61 पदं आहेत. नानकांच्या पट्टीत ङ लपवलेला नाही. उलट तो कच्याही आधी, चौथ्या कडव्यात येतो. आणि शब्द? तिथे 'ज्ञान' हा शब्दच ङ लावून लिहिलाय, 'ङिआन' असा. त्या कडव्याचा विषयही खरा पंडित कोण, हा आहे. पाटी गिरवणाऱ्या पोरानं पंतोजीला विचारलेला प्रश्न म्हणून ते कडवं वाचलं, की ङच्या जागेची निवड सहज झाली असेल असं वाटत नाही.

पंजाबीतच फारसी लिपीच्या अक्षरांवर सूफींनी 'सीहर्फी' रचल्या. सतराव्या शतकातल्या सुलतान बाहूंची रचना तशीच अक्षरक्रमानं लावलेली मिळते. पूर्वेला ओडिया आणि बंगालीत हा प्रकार 'चौतिसा' म्हणून ओळखला जातो, क पासून क्षपर्यंतच्या 34 व्यंजनांवरून. ओडियातली मार्कंड दासांची 'केशव कोइली' ही त्यातली गाजलेली. कृष्ण मथुरेला गेला, यशोदा मागे राहिली आणि ती कोकिळेला आपलं दुःख सांगते, एकेका अक्षरानं. पुढे जगन्नाथ दासांसारख्या कवीनं तिच्यावर भाष्य लिहिलं आणि गावोगावच्या पाठशाळांत पोरं ती पाठ करत. म्हणजे ओडिया मुलांची अक्षरं पक्की झाली ती लेकरू परत न आलेल्या आईच्या शोकावर. बंगालीत सोळाव्या शतकातल्या मुकुंदराम चक्रवर्तींच्या 'चंडीमंगला'त तर नायक श्रीमंत सिंहलद्वीपात वधस्तंभापाशी उभा असताना चौतिसा म्हणतो, आणि देवी धावून येते. मृत्यू समोर असताना माणूस मुळाक्षरं म्हणतोय! पण विचार केला तर पटतं. घाबरलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. सर्वांत आधी शिकलेला क्रम तेवढा आठवतो.

अक्षरकविता लिहिणाऱ्याच्या हातात मोठी सत्ता असते, हेही याच वाचनात लक्षात आलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये बेंजामिन हॅरिसनं 'न्यू इंग्लंड प्रायमर' छापलं. त्यात ए अक्षराला आदमचं पाप होतं. एक्सला इंग्रजीत शब्द सापडेना, तर इराणचा राजा झर्क्सिस आणला, आणि त्याच्या मरणावरून पोरांना त्यांच्या मरणाची आठवण करून दिली. केच्या ओळीत राजाची स्तुती होती. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ती ओळ बदलली आणि राजांनी कसं वागावं, हे पोरं शिकू लागली. तमिळमध्ये विसाव्या शतकात सुब्रह्मण्य भारतींनी 'नवी आत्तिचूडी' लिहिली. अव्वैयारची सुरुवात धर्माचरणाच्या इच्छेपासून होते. गुलाम देशातल्या भारतींनी पहिल्याच अक्षराला भीती सोडायला सांगितलं. अक्षरं तीच राहिली. त्यांच्यापुढे कुठला शब्द ठेवायचा, हे प्रत्येक पिढीनं आपापलं ठरवलं.

ते ठरवताना कुठलं अक्षर गाळायचं, हेही कुणीतरी ठरवतंच. इथे मला माझा ळ आठवला.

ळशी माझी गाठ कामातही पडलेली आहे. नावांची एक यादी अक्षरक्रमानं लावायची होती. संगणकानं 'काळे' आधी आणि 'कावळे' नंतर लावलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि तिथे ळ हा लच्या लगेच पुढे, वच्या आधी बसवलेला आहे. नुसत्या क्रमांकांवर विसंबलं की असंच होणार. मराठी कोशात ळची जागा ह नंतर, अगदी शेवटी, म्हणून तिथे कावळे आधी येतात. मराठीचे नियम लावले आणि यादी सुधारली. तेव्हा मला ती किरकोळ दुरुस्ती वाटली होती. आता वाटतं, ळला स्वतःचं घर आहे की तो लचा पोटभाडेकरू आहे, हाच तो प्रश्न होता. भाचीच्या वर्गातही नेमका तोच होता.

ळ काही उपरा नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. पुढच्या अभिजात संस्कृतातून तो गेला, हिंदीच्या प्रमाण वर्णमालेत त्याला जागा नाही, पण मराठी, कोकणी, गुजराती, ओडिया, कन्नड, तमिळ यांनी तो ठेवला. आपल्याकडे तर 'काल' आणि 'काळ' अशी वेगळी बिऱ्हाडं त्याच्यावर चालतात. शब्द सुरू न करता तो इतकं काम करतो.

शेवटी कविता लिहिली. कुणाला अशी लिहायची असेल, तर या लोकांकडून मी उचललेल्या युक्त्या सांगतो. अक्षरानं शब्द सुरू होत नसेल तर ते शब्दात जिथे बसलंय तिथे दाखवावं. नाहीतर अव्वैयारसारखं अक्षराचा आकार किंवा नशीबच विषय करावं. नानकांसारखी लेखनाची मोडतोड करायची तर तेवढं कारण हवं. शब्द मुलाच्या घरातले घ्यावेत, त्यामुळे आमच्याकडे ख खिडकीचा झाला आणि ब बर्फाचा झाला. आणि अवघड अक्षर गाळू नये. मूल तिथे थांबतं, प्रश्न विचारतं, आणि शिकतं ते तिथेच.

ङला मी गंगेत बसवलं, डोक्यावर टिंबाची टोपी घालून. ळच्या ओळीत भाचीचं आडनाव घातलं, दुसरं काही नाही.

परवा कॉलवर तिनं सगळी कविता म्हणून दाखवली. ताई मागे स्वयंपाक करत ऐकत होती. गंगेवर ती हसली, एक-दोन ठिकाणी अडखळली. ळच्या ओळीवर थांबली, जीभ वर वळवली आणि आडनाव म्हटलं. पहिल्यांदा ल आला. दुसऱ्यांदा नाही.

मग कागदाकडे बघत म्हणाली, "मामा, पण कमळमध्ये पण ळ आहे. तो तर पहिल्याच ओळीत आला होता. मग तू शेवटी परत कशाला लिहिलास?"